सरस्वतीकाकूंचा कार्बनी नेम

सरस्वतीकाकूंचा नेम आजवर कधी मोडला नव्हता. यात देवाची कृपा होतीच, पण त्याहून मोठा वाटा काकूंच्या निवडीचा होता.

आषाढी एकादशीला सकाळी गावातल्या बायका विठोबाच्या देवळात जमत, ओंजळीत पाणी घेत आणि चातुर्मासापुरती एकेक गोष्ट सोडत. कुणी वांगी सोडी, कुणी कांदा-लसूण, कुणी गादीवर झोपणं. काकूही सोडत. एका वर्षी त्यांनी चीज सोडलं. एका वर्षी कॉफी. मागच्या वर्षी अननस सोडला आणि चार महिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या वाटेवरच्या त्या गावात अननस येतच नव्हता, ही गोष्ट वेगळी. नेम धरावा तो निभेल असा, हे त्यांचं साधं मत होतं. देवासमोर पाणी सोडून दिलेला शब्द मोडणं म्हणजे पाप, आणि पापाची त्यांना मनापासून भीती होती. म्हणूनच तर त्या इतकं जपून निवडत.

एका गोष्टीला मात्र त्यांनी कधी नेमाचा वारा लागू दिला नव्हता, ती म्हणजे त्यांचा चहा. काकूंचा चहा म्हणजे अर्धा कप साखर आणि वर रंगापुरतं पाणी. त्यांचे यजमान वाल्मिककाका म्हणत, "हिच्या कपात मुंगी पडली तर बुडायची नाय, चालत पलीकडं जाईल."

शेजारच्या बाईजाक्का नात्याने काकूंच्या थोरल्या चुलत जाऊ. त्यांच्या डोळ्यांत काकूंचे हे नेम खुपत. अक्का खरोखरीच्या गोष्टी सोडत. एकदा त्यांनी मिसरी सोडली होती आणि चार महिने सगळ्या आळीला सळो की पळो करून सोडलं होतं. तो चातुर्मास त्यांच्यापेक्षा त्यांच्या सुनेला जास्त कडक गेला.

यंदा काकूंना काही सुचत नव्हतं. चीज झालं, कॉफी झाली, अननस झाला. न खाण्यासारख्या वस्तू संपत आल्या होत्या. एकादशीच्या सकाळी त्या ओटीवर आपला चहा घेऊन विचार करत बसल्या होत्या. समोर नात कुणाली पुस्तक घेऊन पुढे-मागे डुलत होती. ती शहापूरच्या कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती, किन्हवलीवरून जीपने जाऊन-येऊन करायची.

"काय गो घोकतंस मघापासून?"

"कार्बनी संयुगं, आजी. ऑरगॅनिक. सोमवारी टेस्ट आहे."

शब्द काकूंच्या कानाला बरा वाटला. भारदस्त होता. "ती कशात असतात?"

कुणालीने पानावरून नजर न काढता तिथलंच वाचून दाखवलं, "पेट्रोल, रॉकेल, डांबर, फिनेल, प्लास्टिक, नेलपॉलिश पुसायचं पाणी..."

"मानूस खातो का हे?"

"आजी, डांबर कोण खातं?"

काकूंनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर विठोबाच पावल्यासारखं तेज आलं होतं.

देवळात ज्ञानेश्वरबुवांनी दरवर्षीप्रमाणे सुरुवात केली. बुवा भला माणूस. नेमाआधी दर वर्षी ते न चुकता एक प्रश्न विचारत, "मायांनो, यंदा कुणी खोटं बोलणं सोडतंय का?" आणि दर वर्षी न चुकता सगळ्या मायांना आपापला पदर सारखा करायचं आठवे.

"बुवा, जमंल असं सांगा," बाईजाक्का म्हणाल्या. मग त्यांनी मोहरा वळवला. "सरस्वती, तू यंदा काय सोडतेस गो? विमानात बसनं?"

बायका खुदखुदल्या. काकूंनी शांतपणे ओंजळ पुढे केली, बुवांनी पळीभर पाणी घातलं, आणि काकू अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विठ्ठला, कार्तिकी एकादशीपर्यंत मी कार्बनी संयुग तोंडात घालणार नाय."

पाणी ताम्हनात पडल्याचा आवाज तेवढा आला.

बुवांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण ज्याने गावाला अर्थ सांगायचा, त्याने गावात अर्थ विचारायचा कसा? त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "वा! फार कठीण नेम. भल्याभल्यांना जमत नाही."

एवढं पुरे झालं. "असतंय तरी काय ते?" शेजारी उभ्या असलेल्या सावळीने काकूंच्या कानाशी विचारलं.

"केमिकल असतंय. इखारी," काकू म्हणाल्या.

मग काय विचारता! इखार सोडायला कुणाची ना असणार? बाईजाक्कांनी तर ओंजळ इतक्या जोरात पुढे केली की बुवांच्या हातची पळी हिंदकळली. "मीपन तेच सोडते. हिच्या पाठी राहीन व्हय मी?" अक्कांनी सोडलं म्हणून सावळीने सोडलं, सावळीने सोडलं म्हणून तिच्या नणंदेने, आणि बघता बघता सगळ्या महिला भजनी मंडळाने कार्बनी संयुगांचा त्याग केला. काकू घरी निघाल्या तेव्हा त्यांची पावलं जमिनीला लागत नव्हती.

घरी साबुदाण्याची खिचडी तयार होती. काकूंनी ताट घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि पहिला घास उचलता उचलता कुणालीला झाली हकिगत सांगितली.

कुणाली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने पुढे होऊन आजीचं मनगट धरलं.

"आजी, थांब. साबुदाणा कार्बनी आहे."

"काय बोलतंस?"

"पूर्ण कार्बनीच. वरचे दाणे पण. तूप पण."

काकूंनी घास ताटात सोडला. "मग वरी?"

"ती पण."

"बटाटा? केळं? दूध?"

"सगळं गो आजी. जे जे उगवतं, चरतं, पोसतं, ते सगळं कार्बनचं बनलंय. कार्बन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन. तू, मी, आजोबा, सगळे."

"आजोबाला खायचा इचार नव्हता माझा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खोल गेला होता. "सकाळी तू डांबर म्हनालीस."

"डांबर पण आहे! तू फक्त त्या पानापुरतं विचारलंस. पुढच्या पानावर साखर होती."

"साखर," काकू पुटपुटल्या, आणि भिंतीला टेकल्या.

वाल्मिककाका समोर बसून खिचडी खात होते. त्यांनी चमचा जरा हळू केला, पण थांबवला नाही. "मग हिच्यासाठी उरलं काय?"

कुणालीने बोटांवर मोजत सांगितलं, "पाणी. मीठ. तुरटी. चुना. आणि खायचा सोडा."

"चार म्हैने?"

"आज तर एकादशीच आहे," काकू कशाबशा म्हणाल्या. "आज पाण्यावर काढते. उद्याचं उद्या."

दुपारी भूक लागली तशी काकूंना विद्येची गोडी लागली. त्यांनी कुणालीला जवळ बसवून खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. कुठेतरी फट असेल, अशी त्यांना आशा होती.

"आधी लोकांना वाटायचं," कुणाली सांगू लागली, "की असली संयुगं फक्त जिवंत शरीरातच बनतात. जिवाची काहीतरी शक्ती लागते त्याला. मग दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसानं साध्या निर्जीव क्षारापासून भांड्यात युरिया बनवला."

"आपन भाताला टाकतो तो?"

"तोच. तो आपल्या लघवीत असतो ना, म्हणून लोकांना वाटायचं की शरीराशिवाय तो होणारच नाही. तो झाला, आणि जुनी व्याख्या मोडली. मग ठरलं की कुठे बनलं ते बघायचं नाही, आत कार्बन आहे का ते बघायचं."

"सोड्यात कार्बन नाय का? तो चालतो म्हनालीस."

कुणाली जरा अडखळली. "आहे. पण तो धरत नाहीत."

"का?"

"सोडा, चुनखडी, आपण श्वासातून सोडतो तो वायू, यांच्यात कार्बन असून धरत नाहीत. तसं ठरलंय."

"कुनी ठरवलं?"

"शास्त्रज्ञांनी. आधीपासून."

काकूंच्या डोळ्यांत पहिल्यांदा जान आली. "म्हंजे आपल्यासारखंच की! उपासाला वरी चालते, तांदूळ नाय चालत. बटाटा चालतो, वांगं नाय चालत. का, तर तसं ठरलंय." आणि जरा थांबून त्यांनी आशेने विचारलं, "त्यांनी साबुदाना नाय का गो सोडला?"

साबुदाणा शास्त्रज्ञांनी सोडला नव्हता. पण त्या वायूवरून कुणालीला एक युक्ती सुचली. सोडावॉटर म्हणजे पाणी आणि तोच वायू. म्हणजे सोडावॉटर चालेल. वाल्मिककाका लगोलग टमटमने मुरबाडला गेले आणि एसटी स्टँडसमोरून सोड्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन आले. गावात शिरताना पिशवी खळखळत होती, आणि एकादशीच्या दिवशी सोड्याच्या बाटल्या घेऊन घरी येणाऱ्या माणसाबद्दल गावाने जे समजायचं तेच समजलं.

संध्याकाळी काकू ओटीवर चिमूटभर मीठ टाकून सोडा पीत बसल्या होत्या. मोठी ढेकर देऊन त्या वळतात तो पुढ्यात बाईजाक्का, हातात उपासाच्या चिवड्याची वाटी.

"सरस्वती! एकादशीला गो? आनि एकटीच?"

"नुसता सोडा हाय, अक्का."

"सगले असंच म्हनतात." अक्कांनी पायरीवर बैठक मारली. "कुणाली, माझा फिका चा टाक जरा." आणि चिवड्याचा बकाणा भरत म्हणाल्या, "काय बी म्हन, नेम झ्याक निवडलास. जानवत पन नाय धरलाय म्हनून."

काकू त्या वाटीकडे बघत राहिल्या. प्रत्येक बकाण्याला अक्कांचा नेम मोडत होता. सकाळपासूनचे शेंगदाणे मोजले तर अक्का केव्हाच पापात बुडाल्या असत्या. काकूंना हे बघून आत कुठेतरी फार गार वाटलं. लगेच त्या गार वाटण्याची लाजही वाटली. सांगावं तर अब्रू जाणार: 'आपण काय सोडतोय ते हिला ठाऊक नव्हतं' म्हणून अक्का म्हशाची जत्रा उठेपर्यंत पुरवून पुरवून सांगतील. न सांगावं तर... "अजानतेपनी मोडला तर पाप लागत नाय," काकूंनी मनाशी म्हटलं, आणि अक्कांना कुणालीने चहा आणून दिला तेव्हा दुसरीकडे पाहिलं.

रात्रभर काकूंचं पोट बोलत राहिलं, आणि सकाळ झाली ती द्वादशीची.

आता द्वादशीला पारणं करावंच लागतं. एकादशी कितीही कडक करा, दुसऱ्या दिवशी अन्न घेऊन सोडली नाही तर ती फुकट जाते. म्हणजे काकूंनी खाल्लं तर नेम मोडणार आणि नाही खाल्लं तर एकादशी बुडणार. एवढा कडेकोट पेच त्यांनी आपला आपणच घातला होता, आणि त्यात भर म्हणून मंडळाचं पारणं देवळातच होतं. पंगत बसली होती. पत्रावळींवर वाफाळता भात, वरण, वालाची भाजी आणि वाटीत तांदळाची खीर. बुवांनी तीर्थ दिलं. काकूंनी पाणी तेवढं घेतलं आणि तुळशीचं पान हळूच पदराच्या गाठीत बांधलं. तेही कार्बनीच.

"वदनी कवळ घेता" संपलं. सावळीचा हात भातात गेला. तिच्या नणंदेचा गेला. अख्खं मंडळ, देवासमोर, देवाला दिलेला शब्द मोडायला निघालं होतं, आणि त्या पंगतीत हे एकट्या काकूंना ठाऊक होतं. आणि तो शब्द कुणामुळे दिला गेला होता? अजाणतेपणीचं पाप या बायकांना लागणार नाही, बरोबर. पण मग ते कुठेतरी जाऊन लागणारच ना! एकट्या अक्कांचं असतं तर काकूंनी कदाचित पचवलं असतं. सगळ्या मंडळाचं त्यांना पेलणार नव्हतं, तेही उपाशीपोटी.

"थांबा!" काकू उठून ओरडल्या. "कुनी घास घेऊ नका! भात कार्बनी हाय!"

सगळे हात हवेत थांबले. वाढायला आलेल्या कुणालीला पुढे ओढण्यात आलं आणि तिथे, विठोबाच्या साक्षीने, रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा सुरू झाली.

"भात?" "हो." "वरन?" "हो." "वाल?" "ते पण."

"मंग चार म्हैने काय हवा खायची?" बाईजाक्का कडाडल्या.

"हवा चालते," कुणाली म्हणाली.

मग जो गिल्ला झाला तो सांगण्यासारखा नाही. "हिला ठाव नव्हतं तर घेतलान कशाला?" "तुमीच तर हिच्या पाठी धावलात!" "बुवाच म्हनाले, फार कठीन नेम!" सगळ्या नजरा बुवांकडे वळल्या. समोर वरण-भात निवत होता आणि त्यांनाही भूक लागली होती.

"बाळ कुणाली," बुवा घसा साफ करून म्हणाले, "हा भात म्हणजे एकच संयुग आहे का?"

"नाही बुवा. त्यात कितीतरी संयुगं असतात. तसं बघितलं तर ते मिश्रण आहे."

"आणि वरण?"

"मिश्रण. दूध, तूप, वाल, सगळी मिश्रणंच."

बुवांचा चेहरा उजळला. "मग झालं! मायांनी सोडलंय ते संयुग. मिश्रण कुणी सोडलंय?"

"पण बुवा, मिश्रणात शेवटी संयुगंच—"

"कुणाली," काकू मध्येच म्हणाल्या. आयुष्यात एवढ्या गोड आवाजात त्या कुणाशी बोलल्या नसतील. "सोड्यात कार्बन असून तो का चालतो?"

"तसं ठरलंय म्हणून."

"मंग हे पन ठरलं."

"ठरलं!" बुवांनी हात जोडले. पंगतीने इतक्या एकमुखाने विठ्ठलाचा गजर केला की कळसावरची कबुतरं उडाली. काकूंचे डोळे भरून आले. नेम शाबूत, एकादशी शाबूत, अब्रूही बरीचशी शाबूत. त्यांनी भाताचा गोळा केला, तोंडाशी नेला.

"थांब सरस्वती," बाईजाक्का म्हणाल्या. त्या काहीतरी विचार करत होत्या. "पोरी, निस्तं एकच संयुग, मिश्रन-बिश्रन नाय, असं खान्यात काय येतंच नाय का?"

कुणालीला कालपासून पहिल्यांदाच सरळ प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर तिला चोख येत होतं. आजीच्या डोळ्यांकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"येतं ना! साखर. एकदम शुद्ध कार्बनी संयुग!"

सगळ्यांच्या नजरा खिरीच्या वाट्यांकडे गेल्या.

"म्हंजे साखर सुटली," अक्का म्हणाल्या.

"चहात टाकली की मिश्रनच ना होते ती?" काकू घाईघाईने म्हणाल्या.

"टाकताना तर साखरच टाकतेस. भांड्यात साखरच, चमच्यात साखरच, सगली शुद्ध."

"बुवा?"

बुवांनी खाली बघितलं. "काकू, अहो, नेमात काहीतरी सुटायला हवं. देवाला काय तोंड दाखवायचं?"

पंगतीतल्या खिरीच्या वाट्या एकेक करून मागे सरकल्या. सरकवणारीने दर वेळी काकूंकडे एक नजर टाकली. त्या नजरा काकूंनी पुढे दिवाळीपर्यंत पाहिल्या.

"गूळ तरी?" काकूंनी शेवटचा प्रयत्न केला. "कुणाली, गूळ मिश्रन ना गो?"

"हो आजी, गूळ—"

"गूल साखरेचाच भाऊ," बाईजाक्का म्हणाल्या आणि भाताचा भलामोठा घास घेतला. "तो पन धरायचा. तसं ठरलं."

"तुमी पन सोडलीय हां साखर, अक्का!" काकू चिडून म्हणाल्या. "तुमाला पन फिका चा प्यावा लागंल!"

"मी?" अक्का घास गिळून प्रसन्न हसल्या. "मला तर डॉक्टरनं दोन वर्सं झाली बंद केलीय. शुगर हाय ना मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वतीकाकू ओटीवर बसल्या होत्या. हातात कप होता. कपात चहा होता, जन्मात पहिल्यांदा कपभर, कारण साखरेची जागा मोकळी होती. एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. वाल्मिककाकांना वाटलं, नामस्मरण चाललंय.

कुंपणापलीकडून बाईजाक्का आपला फिका चहा घेऊन मुद्दाम आल्या आणि पायरीवर टेकल्या. फुर्रकन घोट घेऊन त्यांनी मान वाकडी केली.

"कसा काय लागतोय गो सरस्वती?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, देवळाच्या कळसाकडे पाहिलं, आणि दुसरा घोट घेतला. खोटं बोलणं सोडायचा नेम यंदाही कुणी धरला नव्हता, ही विठोबाचीच दया.

"गोड," त्या म्हणाल्या.